घरखर्च मांडायचा तर आधी वर्षाचा मांडा

बहुतेक घरांत खर्चाची वही पगाराच्या दिवशी सुरू होते. किराणा इतका, दूध इतकं, वीजबिल इतकं, उरले इतके. दोन-तीन महिने हे छान चालतं. मग जून येतो. वह्या, गणवेश, बूट, दप्तर, रेनकोट यांत एका आठवड्यात दहा-पंधरा हजार जातात आणि वही कपाटात जाऊन बसते. घरात कोणी उधळपट्टी केलेली नसते. जूनचा खर्च वहीत कुठे धरलेलाच नसतो, म्हणून सगळं कोलमडतं. जूननंतर गणपती, मग दिवाळी, मग मार्चमधले विम्याचे हप्ते. दरवेळी आपण म्हणतो, "या महिन्यात जरा जास्तच खर्च झाला." वर्षातले सहा-सात महिने जर जास्त खर्चाचे असतील, तर तो नेहमीचाच खर्च झाला.

म्हणून माझा आग्रह असतो की आधी वर्षाचा खर्च मांडा, त्याला बाराने भागा, ती रक्कम पगारातून सर्वांत आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात महिना बसवा. आणि हे काम एकट्याने करू नका. घरातली सगळी माणसं बसली तरच ते टिकतं, मुलंसुद्धा.

आमचं घर कसं आहे ते सांगते, म्हणजे पुढचे आकडे तुम्हाला नीट लावता येतील. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. हे अंबडला एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहेत, मी घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. सासूबाई, नववीतली थोरली आणि पाचवीतला धाकटा धरून पाच माणसं. घर सासऱ्यांनी घेतलेलं, त्यामुळे भाडं नाही की हप्ता नाही. हा फार मोठा आधार आहे. तुम्हाला भाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता असेल तर तो वर्षाच्या रकमेच्याही आधी वजा करा.

जुनं कॅलेंडर टाकू नका

सुरुवातीला एका रविवारी चहा-नाश्ता झाला की गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कालनिर्णय काढून मध्ये ठेवा. आपल्याकडे कॅलेंडरवर सगळं लिहिलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, कोणाच्या लग्नाची तारीख, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलेला दिवस. जानेवारीपासून एकेक पान उलटत जा आणि प्रत्येकाला विचारा, या महिन्यात नेहमीपेक्षा वेगळा कशावर खर्च झाला?

एकट्याने यादी केली तर निम्म्या गोष्टी सुटतात. सासूबाईंना नवरात्रातली सवाष्ण, ओट्या, चैत्रातलं हळदीकुंकू आठवतं. यांना गाडीचा विमा आणि टायर आठवतात. मुलांना मित्रांचे वाढदिवस आणि शाळेचं स्नेहसंमेलन आठवतं, त्यासाठी भाड्याने आणलेल्या पोशाखासकट. मला आहेराच्या साड्या आठवतात. ही सगळी नोंद थोरली करते, कारण तिचं अक्षर चांगलं आहे आणि लिहिता लिहिता तिला घर कसं चालतं ते कळतं.

अधिक महिना विसरू नका. तो साधारण तीन वर्षांनी येतो, म्हणून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर दिसत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. म्हणजे जावयाचं वाण, लेकीची साडी आणि शाळेची खरेदी बरोबर एकाच वेळी. अधिक महिन्याच्या वर्षी पुढचे सण उशिरा येतात, तेव्हा दिवाळी थेट नोव्हेंबरात जाते आणि पैसे साठवायला दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. नवीन कॅलेंडर हातात आलं की सणांच्या तारखा बघून घ्याव्यात.

आमच्या यादीत आलेले आकडे असे. जूनची शाळेची खरेदी १४,०००. धाकट्याच्या शाळेची फी दोन हप्त्यांत १८,००० (थोरली अनुदानित शाळेत आहे, तिची फी किरकोळ). दिवाळी १५,०००. गौरी-गणपती, नवरात्र, संक्रांत मिळून ७,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ५,०००. आरोग्य विमा १९,०००. आयुर्विमा १२,००० आणि वर एक हजाराच्या आतली एक छोटी रक्कम, तिच्याबद्दल पुढे सांगते. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००. वर्षाचं धान्य २२,०००. आहेर, लग्नं, गावी जाणं-येणं १२,०००. बेरीज जवळजवळ १,३०,०००. बाराने भागलं की पावणेअकरा हजारांच्या वर जातं. आम्ही सरळ ११,००० धरतो.

हा आकडा पहिल्यांदा बघितला की घाबरायला होतं. आमच्या गल्लीत ज्या-ज्या घरी मी ही यादी करायला बसले, तिथे पहिली प्रतिक्रिया एकच असते, "एवढे कुठून काढायचे?" पण हे पैसे तसेही जातातच. फरक इतकाच की आता ते सोनं गहाण ठेवून, उसने घेऊन किंवा कार्डावर टाकून जातात, आणि त्यावर व्याज बसतं.

धान्याचा आकडा मुद्दाम उलगडून सांगते, कारण हल्ली पुष्कळ घरांनी वर्षाचं धान्य भरणं सोडलंय. तीन क्विंटल गहू ३,२०० च्या भावाने ९,६००, एक क्विंटल तांदूळ ५,०००, तीस किलो तूरडाळ ३,९००, आणि मिरची, हळद, मसाल्याचं सामान ३,५००. एप्रिल-मेमध्ये नवा माल आलेला असतो, ऊन असतं, घरी वाळवून, निवडून कोठीत भरता येतं. जागा नसेल, कीड लागत असेल, सगळी माणसं दिवसभर बाहेर असतील, तर वर्षाचं भरू नका. तीन-तीन महिन्यांचं भरा. तांदूळ-गव्हाला कीड लागून दहा किलो जरी टाकावे लागले तरी स्वस्तात घेतल्याचा सगळा फायदा जातो.

आता ती हजाराच्या आतली रक्कम. बँक खात्याला जोडलेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आहे आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूचे दोन लाख. आम्हा दोघांचे मिळून ९१२ रुपये होतात. हे पैसे मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप वळते होतात, कारण विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. नेमकं त्याच वेळी लोकांची खाती शाळेच्या खरेदीने रिकामी झालेली असतात, हप्ता जात नाही आणि विमा बंद पडतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या खात्यात पाचशे रुपये तरी शिल्लक राहतील एवढं बघाच. कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेवा.

पैसे ठेवायचे कुठे

वर्षाच्या खर्चासाठीचे दरमहा ११,००० वेगळ्या बचत खात्यात जातात. त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि त्याचं एटीएम कार्ड कपाटात असतं, पाकिटात नसतं. यांचा पगार सात तारखेला होतो, आठ तारखेला रक्कम आपोआप वळती होते. बँकेत एकदा सांगून ठेवलं की दर महिन्याला आठवण ठेवायची गरज नाही. पगार हातात येऊन पंधरा दिवस झाल्यावर उरतील ते बाजूला टाकू, असं म्हणाल तर काही उरणार नाही.

वर्षाच्या मध्येच सुरुवात करत असाल तर हे खातं रिकामं आणि सण तोंडावर, अशी अडचण येते. त्यावर माझा उपाय दिवाळीचा बोनस. बोनसमधले निम्मे तरी आधी या खात्यात टाका, मग दिवाळीच्या खरेदीला निघा. दिवाळीनंतर मार्चपर्यंत मोठा खर्च फारसा नसतो, तेवढ्या चार महिन्यांत खातं सावरतं. पहिल्या वर्षी यादीतलं सगळं बसणार नाही. मग विमा, शाळा आणि घरपट्टी आधी; कपडे आणि आहेर जमतील तसे.

घरपट्टी पाणीपट्टीबद्दल एवढंच की महापालिका वर्षाच्या सुरुवातीला भरणाऱ्यांना सवलत देते. पैसे बाजूला असले तर ती घेता येते, नसले तर तीच घरपट्टी पुढे दंड लागून भरावी लागते.

मिळकत कमीत कमी धरा

यांचे हातात ३२,००० येतात. माझ्या शिवणकामाचं मात्र गणित वेगळं. लग्नसराईत, गौरीच्या आधी आणि दिवाळीला रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असतं. पितृपक्षात कोणी नवं कापड शिवायला टाकत नाही आणि पौषात लग्नं नसतात. चांगल्या महिन्यात दहा-बारा हजार होतात, पण वहीत मी पाचच धरते, कारण पौषातही पाच सुटतातच. रिक्षा चालवणारे, शिकवण्या घेणारे, डबे देणारे, सगळ्यांनी हाच नियम ठेवावा. वर्षातला सर्वांत पडता महिना कोणता ते शोधायचं आणि घर तेवढ्यावर बसवायचं.

पाचच्या वर जे येतं ते अडीअडचणीच्या खात्यात जातं. घराचा तीन महिन्यांचा खर्च तिथे साठेपर्यंत त्यातून काही घ्यायचं नाही. आमच्याकडे हा आकडा ७५,००० च्या आसपास ठेवला आहे. कंपनीत ले-ऑफ झाला, कोणाचं हाड मोडलं, तर पहिला हात या पैशांना लागतो, सोन्याला नाही.

हे पैसे कुठे ठेवता याकडे नीट लक्ष द्या. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या ठेवींवर व्याजासकट पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. २०२० च्या आधी ते एक लाख होतं. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून आयुष्याची पुंजी पतसंस्थेत टाकणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि ती अडकल्यावर त्यांच्या मुलींच्या लग्नांचं काय झालं तेही पाहिलं आहे. थोडी रक्कम ठेवायची तर ठेवा, पण अडीअडचणीची कधीच नाही. तेच भिशीचं. ओळखीच्या दहा-बारा बायकांची भिशी मलाही आवडते, तिच्यातून मिक्सर येतो, पैंजण येतात. घराचा आधार म्हणून मात्र तिच्यावर विसंबू नये.

शेतकरी घरांत हिशोब उलटा मांडावा लागतो. माझं माहेर निफाड तालुक्यात. भावाकडे द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि उन्हाळ कांदा चाळीत साठवून जसजसा लासलगावच्या बाजारात जाईल तसतसे. तिथे खर्चाला बाराने भागून उपयोग नाही, मिळकतीला भागावं लागतं. वहिनीने केलेली व्यवस्था मला फार पटली. माल विकला की आधी पुढच्या हंगामाचं बी-बियाणं, खतं, औषधं, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज यांचे पैसे वेगळे होतात. राहिलेल्या रकमेतून दर महिन्याच्या पाच तारखेला ती घरखात्यात ठरलेली रक्कम टाकते. घराला पगार मिळतो, असं ती म्हणते. भाव चांगला मिळाला म्हणून त्या वर्षी तो वाढत नाही. वाढीव पैसे पडत्या वर्षासाठी राहतात.

महिन्याचा भाग

आमचे ३७,००० मधून ११,००० गेले की २६,००० राहतात. किराणा ४,५०० (धान्य वेगळं भरल्यामुळे इतक्यात होतो), दीड लिटर दूध २,७००, भाजी आणि फळं ३,५००, गॅस ७००, वीज १,१००, मोबाइल-इंटरनेट १,२००, पेट्रोल २,२००, धाकट्याची व्हॅन १,३००, थोरलीचा क्लास २,५००, औषधं ९००, सगळ्यांचा हातखर्च २,०००. हे झाले २२,६००. राहिलेल्या ३,४०० मधले २,००० पोस्टाच्या आरडीत, १,००० थोरलीच्या सुकन्या समृद्धीत, आणि ४०० किरकोळीत. सुकन्याचं खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडावं लागतं, वर्षाला किमान २५० भरले तरी ते चालू राहतं, आणि दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. ज्यांच्या मुली लहान आहेत त्यांनी वेळ घालवू नये.

प्रत्येक ओळीवर मी इथे लिहीत बसत नाही. दोन-तीन ठिकाणी मात्र खरोखर पैसे वाचतात.

पहिली वीज. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटपर्यंत एक दर असतो आणि १०१ ते ३०० युनिटला तो जवळपास दुप्पट होतो. म्हणजे १४० युनिट वापरले तर वरच्या चाळीस युनिटचं ओझं खूप जास्त असतं. दर रविवारी धाकटा मीटरवरचा आकडा बघून कॅलेंडरवर लिहितो आणि गेल्या रविवारचा आकडा वजा करतो. चार आठवड्यांत शंभराच्या किती वर जाणार हे त्याला महिना संपायच्या आधीच कळतं. गिझर कोणी चालू ठेवला हे विचारायला तो आता माझ्या आधी पोचतो. पाचवीतल्या मुलाला वजाबाकी शिकवायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

दुसरं तेल. पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पिशव्या दिसायला तेवढ्याच असतात, आत मात्र ८०० किंवा ८५० ग्रॅम. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पिशव्यांत दहा रुपयांनी स्वस्त दिसणारी पिशवी किलोला महाग पडते, असं पुष्कळदा होतं. थोरली दुकानात फोनवर भागाकार करून सांगते, मग आम्ही उचलतो. साबणाची पावडर, बिस्किटं, चहा, सगळ्याला हेच लावा.

तिसरा गॅस. नवीन सिलिंडर लावला की तारीख खडूने त्याच्यावरच लिहायची. आमचा पंचेचाळीस दिवस जातो. तो चाळीस दिवसांतच संपला तर कुठेतरी काहीतरी बदललं आहे, पाहुणे, डाळ न भिजवता लावणं, किंवा बर्नरचं तोंड बुजणं. पिवळी ज्योत दिसली की बर्नर साफ करा.

भाजी मी रोखीनेच घेते. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जाते तेव्हा पाकिटात आठशे रुपये असतात आणि फोनला हात लावायचा नाही असं ठरलेलं असतं. यूपीआयची सोय उत्तम आहे, पण वीस, चाळीस, साठ रुपये जाताना ते जाणवत नाहीत. बाकीच्या खर्चासाठी यूपीआय वापरतो, ते फक्त घरखर्चाच्या खात्याला जोडलेलं आहे, आणि रात्री जेवणं झाली की बँकेचे मेसेज बघून वहीत उतरवतो. पाच मिनिटांचं काम आहे. आठवड्याचं एकदम लिहायला बसलात तर "हे एकशे ऐंशी कशाचे?" यावरून भांडण होतं.

बैठक कशी घ्यायची

पगारानंतरच्या पहिल्या रविवारी सगळे बसतो, अर्धा-पाऊण तास. आधी थोरली गेल्या महिन्याचे आकडे वाचते, ठरलेला आणि झालेला. मग या महिन्यात वर्षाच्या खात्यातून काय काढायचं आहे ते बघतो. मग कोणाला काही वेगळं हवं असेल तर त्याने सांगायचं. आणि वीस तारखेच्या सुमारास एकदा नुसती नजर टाकायची; निम्म्याहून बराच जास्त महिना गेला आणि किराण्याचे पैसे संपत आले असतील तर तेव्हाच हात आखडता येतो, तीस तारखेला कळून काही उपयोग नाही.

दोन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो. "तुझ्यामुळे" हा शब्द बैठकीत वापरायचा नाही. जास्त गेले तर कोणत्या रकान्यातून भरून काढायचे एवढंच बोलायचं, आणि तो बदल वहीत लिहायचा: औषधं ४०० जास्त, फळांतून ४०० कमी. रक्कम गुपचूप इकडची तिकडे केली की पुढच्या महिन्यात वहीवरचा विश्वास जातो.

दुसरी गोष्ट हातखर्चाची. आम्हा दोघांना ८००-८००, थोरलीला ३००, धाकट्याला १००. याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. यांनी मित्रांबरोबर मिसळ खाल्ली, मी गजरा घेतला, धाकट्याने सगळे पैसे पतंगांवर घालवले, काहीही. प्रत्येक रुपयाचा जाब द्यावा लागला की मोठी माणसं खर्च लपवायला लागतात. नवऱ्याकडे भाजीचेही पैसे मागावे लागणाऱ्या बायका मला रोज भेटतात. घरात राबणाऱ्या बाईच्या हातात तिचे म्हणून काही पैसे असणं हे मी हट्टाने प्रत्येक घरी सांगते. ब्लाउजचं माप घेता घेता सांगते.

सासूबाईंना सासऱ्यांच्या मागे ईपीएस-९५ चं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं, कुटुंब पेन्शन मिळतं. ते फारसं नाही, आणि घराच्या मिळकतीत आम्ही ते धरतही नाही. त्यांच्या खात्यात येतं, त्यांनाच ठाऊक त्याचं काय करायचं. नातवंडांना वाढदिवसाला त्या स्वतःच्या पैशांनी काहीतरी आणतात, तेव्हाचा त्यांचा चेहरा बघितला की हे पैसे घरखर्चात ओढावेत असं कोणालाच वाटणार नाही.

मुलांना आकडे सांगावेत का, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत ठाम आहे, सांगावेत. गेल्या हिवाळ्यात थोरलीच्या शाळेची सहल निघाली, ३,२०० रुपये. यादीत सहल नव्हती. बैठकीत मी वही तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, बघ कुठून निघतात ते. तिने पानं चाळली. त्या महिन्यात एका लग्नाला आम्ही दोघंच गेलो होतो, मुलांच्या परीक्षेमुळे सगळे गेलो नव्हतो, तर प्रवासातले दोन हजार उरले होते, ते तिनेच शोधून काढले. बाराशे कमी पडत होते. "माझे तीन महिन्यांचे हातखर्चाचे घ्या," ती म्हणाली, म्हणजे ९००. राहिलेले तीनशे यांनी आपल्यातले दिले. धाकट्यानेही पन्नास काढून ठेवले होते, ते तिने परत केले. पुढच्या वर्षाच्या यादीत सहल आली आहे, तिनेच लिहिली.

"परवडत नाही" एवढंच सांगून गप्प बसवलेलं मूल हट्ट करतं किंवा आतल्या आत कुढतं. वही दाखवली तर ते आपल्यासोबत विचार करतं. मात्र कर्जाची, नोकरी जाण्याची धास्ती मुलांच्या डोक्यावर ठेवू नये. तेवढं बोलणं मुलं झोपल्यावर.

वही चालू ठेवण्यासाठी

वर्षातून दोनदा, पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आसपास, रकमा नव्याने बघा. दुधाचा भाव वाढतो, व्हॅनवाले काका पैसे वाढवतात, विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो. पगारवाढ झाली तर त्यातला पहिला वाटा वर्षाच्या खात्याला. आपल्याकडे वाढ आली की आधी मोठा टीव्ही येतो, तोही हप्त्यावर. फोन आणि टीव्ही हप्त्यावर घेऊ नयेत, बिनव्याजी म्हटलं तरी. त्या हप्त्याची जागा महिन्याच्या यादीत कुठेच नसते आणि तो भाजी-फळांतून जातो. फोन घ्यायचाच असेल तर वर्षाच्या यादीत तशी ओळ घाला, दरमहा हजार टाका, वर्षाने रोख घ्या.

एखादा महिना पूर्ण बिघडला, दवाखाना झाला, पाहुणे महिनाभर राहिले, तर त्या महिन्याचा ताळमेळ लावत बसू नका. जे गेलं ते एका ओळीत लिहा, अडीअडचणीतून किती घेतले ते लिहा आणि पुढच्या सात तारखेला कोरं पान उघडा.

वहीचं शेवटचं पान मात्र वेगळं ठेवा. त्यावर घरातली सगळी खाती, विम्याचे पॉलिसी क्रमांक, आरडीचं आणि सुकन्याचं पासबुक कुठे आहे, गॅसचं कार्ड, घरपट्टीची पावती, आणि प्रत्येक ठिकाणी नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लावलंय ते. पासवर्ड आणि पिन तिथे लिहायचे नाहीत. नॉमिनीचा रकाना भरताना बँकेतून, पोस्टातून खात्री करून घ्या. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून आई-वडिलांची नावं असतात आणि ती गेलेली असली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. हे पान आम्ही दर पाडव्याला नव्याने लिहितो आणि जुनं फाडून टाकतो, म्हणजे दोन पानांमुळे घोळ होत नाही.